कोरं करण्याआधी

चालू असलेला संगणक स्वतःला पूर्णपणे पुसू शकत नाही. ज्या कप्प्यातल्या विंडोजवर तो त्या क्षणी चालतो आहे, तोच कप्पा फॉरमॅट कर म्हटलं, की तो सरळ नाही म्हणतो. बसलेली फांदी तोडायची नाही, एवढी अक्कल त्याला दिलेली असते. त्याला कोरं करायचं तर बाहेरून काहीतरी आणावं लागतं. हल्ली ते काहीतरी म्हणजे बोटभर पेन ड्राइव्ह. विंडोजसाठी किमान आठ जीबीचा घ्यायचा, दुसऱ्या एखाद्या धडधाकट संगणकावर बसून त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टिम भरायची आणि तो ‘बूटेबल’ करायचा. मग तो आपल्या आजारी संगणकाला लावायचा. सुरू होताहोता एफ १२, एफ २ किंवा डिलीट, ज्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबायचं आणि सांगायचं, की आज आपल्या डिस्कवरून उठू नकोस, या पाहुण्यावरून ऊठ.

‘बूट’ हा शब्दही गमतीचा आहे. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणं, असा इंग्रजीत एक वाक्प्रचार होता आणि तो अशक्य गोष्टीसाठी वापरत. संगणक सुरू होताना काहीसं तेच करतो. मदरबोर्डवरच्या चिपमधला एक लहानसा प्रोग्राम आधी जागा होतो, तो आपल्याहून मोठ्याला उठवतो, मोठा त्याहून मोठ्याला. रोजचं उठणं असं आपलं आपण होतं. पण मुळापासून नवं व्हायचं असेल तर मात्र बाहेरचा पाहुणा लागतो.

मला यातला प्रश्न यंत्रापुरता वाटत नाही. माणसालाही कधीतरी वाटतं, की झालं ते पुरे, आता सगळं पुसून पहिल्यापासून मांडू. वाटणं खोटं नसतं. पण हे पुसणं कुणी करायचं, कशानं करायचं, आणि पुसण्याचा हक्क आपल्याला किती, हे आपण सहसा विचारत नाही. संगणकाच्या बाबतीत ते विचारावंच लागतं, कारण तिथे पडद्यावर प्रश्न येतात आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आमच्या घरात लहानपणापासून दोन शब्द कानावर पडत आले: उपादान आणि निमित्त. घडा होतो तेव्हा माती हे उपादान. कुंभार, चाक, दांडा ही निमित्तं. आत्म्याला शुद्ध व्हायचं तर ते काम आत्म्याचंच, दुसरा कुणी येऊन ते करून देत नाही. गुरू, शास्त्र, मंदिर ही सगळी निमित्तं. या हिशेबानं पेन ड्राइव्ह हे निमित्त झालं. डिस्क आपली, तिच्यातली जागा आपली, बिघाडही आपलाच. पेन ड्राइव्ह काम झालं की काढून खिशात घालायचा. तो काही संगणकाचा भाग होऊन राहत नाही.

पण निमित्त आहे म्हणून ते कसलंही चालेल का? इथून माझ्या विचाराला सुरुवात होते.

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले, अजून नीट चालणारे कितीतरी संगणक अचानक ‘जुने’ ठरले. आमच्या बालाघाटात दुरुस्तीच्या दुकानांत गेलं की दोनच सल्ले ऐकू येतात: नवा घ्या, नाहीतर नवी विंडोज टाकून देतो.

नवा घ्या हा सल्ला मला सहज पचत नाही. आमच्याच जिल्ह्यात मलाजखंडला हिंदुस्थान कॉपरची तांब्याची खाण आहे. जमीन पायऱ्यापायऱ्यांनी किती खोल खणता येते ते तिथे दिसतं. शहराला लागून भरवेलीला मॉयलची मँगनीजची खाण आहे, तिथे माणसं जमिनीखाली खोलवर उतरून काम करतात. माझ्या संगणकातलं तांबं मलाजखंडचंच आहे असं मी म्हणत नाही. पण ते कुठल्या तरी डोंगराचं आहे, आणि खणताना झाडं, मुंग्या, पाणी, माणसं यांचं काहीतरी झालंच असणार. चालतं यंत्र केवळ तारीख उलटली म्हणून भंगारात देणं ही मला हिंसाच वाटते, जरा लांबून केलेली. तेव्हा जुन्याच संगणकात नवी व्यवस्था बसवणं हे चांगलं काम आहे. प्रश्न आहे तो नवी व्यवस्था आणायची कुठून हा.

दुकानातल्या मुलाकडे किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला पेन ड्राइव्ह असतो. त्यात सगळ्या प्रकारच्या विंडोज एकत्र भरलेल्या. “दीदी, सब इसी में है,” तो सांगतो. विंडोज बसते, मग ‘ॲक्टिव्हेट’ करण्यासाठी तो एक छोटा प्रोग्राम चालवतो, आणि तो चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करतो. याकडे नीट बघा. घराची साफसफाई करायला आलेला माणूस आधी म्हणतो, जरा वेळ राखणदाराला बाहेर पाठवा. आपण पाठवतो.

श्रावकाच्या अचौर्य व्रताचे अतिचार तत्त्वार्थसूत्रात मोजलेले आहेत. त्यातला एक आहे तदाहृतादान, म्हणजे चोरानं आणलेली वस्तू आपण घेणं. मी स्वतः चोरी केली नाही, मी फक्त दुकानातून घेतली, ही पळवाट त्या एका शब्दानं बंद होते. आमच्या व्यापारी समाजात हा अतिचार सगळ्यांना पाठ असतो. मापात खोट नको, भेसळ नको, चोरीचा माल नको. पण डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, अशा मालाच्या बाबतीत आपण फार उदार होतो.

मौज अशी, की पुष्कळदा या चोरीची गरजसुद्धा नसते. विंडोज १० किंवा ११ सह विकत घेतलेला संगणक असेल, तर तिचा परवाना बहुधा त्या मदरबोर्डाशी जोडलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून तीच आवृत्ती फुकट उतरवून बसवली, की इंटरनेट मिळताच ती आपली आपण ओळख पटवून घेते. आपलंच धान कोठीत असताना शेजारच्या शेतातलं उपटून आणण्यासारखं आहे हे. आणि परवाना नसेल, तर लिनक्स आहे. ती वापरा, वाटा, असं करणाऱ्यांनीच म्हणून ठेवलं आहे. आपल्या सी-डॅकनंही बॉस नावाची लिनक्स बनवली आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकत आली आहेत. तेव्हा गरिबीमुळे चोरी करावी लागते, हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

साधन शुद्ध हवं, याचं आणखी एक कारण आहे, आणि ते निव्वळ व्यवहाराचं आहे. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या वेळचं आपलं व्याख्यान १९८४ मध्ये छापलं. त्यात त्यांनी दाखवून दिलं, की प्रोग्रामची प्रत्येक ओळ तुम्ही तपासली, तिच्यात काही वावगं सापडलं नाही, तरी त्या ओळी यंत्राच्या भाषेत उतरवणारं अवजारच जर कुणी बिघडवून ठेवलं असेल, तर निघणारं काम बिघडलेलंच निघेल. अवजार तपासायचं, तर ते ज्या अवजारानं बनवलं तेही तपासावं लागतं. सार एवढंच, की जे तुम्ही स्वतः पूर्णपणे घडवलेलं नाही, त्याबाबत शेवटी कुणावर तरी विश्वास टाकावाच लागतो. म्हणून विश्वास कुणावर टाकतो आहोत ते बघून टाकायचं. मळलेल्या फडक्यानं पाटी पुसली तर पाटीवर मळच पसरतो. पुसल्यासारखं मात्र वाटतं.

हे झालं साधनाचं. पण माझ्या डोक्यात घर करून राहिला तो दुसरा प्रश्न, आणि तोही दुकानातल्या मुलानंच विचारलेला: “डाटा रखना है क्या?”

आमच्या ओळखीतल्या एका घरातली हकिकत सांगते. नावगाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. किराणा आणि धानाचा व्यापार. घरातले कर्ते गृहस्थ गेले. दुकानातला संगणक त्यांनीच हाताळलेला, पुढे तो सुरूच होईना. मुलानं ठरवलं, सगळं उडवून नव्यानं बसवायचं, नवा हिशेब, नवं सॉफ्टवेअर. वहिनी माझ्याकडे आल्या, कारण मला यातलं थोडं कळतं असा त्यांचा समज. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ‘लाइव्ह’ चालवून बघायला सांगितलं. यात काही बसवावं लागत नाही. ती पेन ड्राइव्हवरून उठून संगणकाच्या स्मृतीत चालते, डिस्कला आपण सांगितल्याशिवाय हात लावत नाही, आणि डिस्क शाबूत असेल तर आतलं सगळं दाखवते. ज्या पेन ड्राइव्हनं पुसता येतं, त्यानंच वाचवताही येतं.

आत एक फाइल निघाली. तिच्यात दोन पानं. एका पानावर येणं: कुणी खत नेलं, कुणी मुलीच्या लग्नाला किराणा नेला, धान निघाल्यावर देईन म्हणून. दुसऱ्या पानावर देणं. आमच्याकडे खेड्यातल्या बायका शे-दोनशे रुपये विश्वासाच्या दुकानात ठेवत असतात. नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून, पोरीच्या शिक्षणासाठी म्हणून. कुणाचे आठशे, कुणाचे तीन हजार. पावती नाही, सही नाही. नुसतं नाव, गाव आणि आकडा.

मुलगा म्हणाला, “मावशी, पहिलं पान काढून घ्या. दुसरं राहू दे.”

तो वाईट मुलगा नाही. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. वडील गेले, दवाखान्यात पैसा गेला, बाजारात त्याला स्वतःला उभं राहायचं आहे. हे व्यवहार त्यानं केलेले नाहीत. कायद्यानं ते कुणी सिद्ध करू शकणार नाही. ज्या बायका येतील त्यांना तो देणारच आहे. ज्या येणार नाहीत त्यांना शोधत बसायचं का? “नवी सुरुवात करायची म्हणजे कुठेतरी रेघ ओढावीच लागते ना?” त्यानं विचारलं.

वहिनी गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ताई, हे पान पुसलं तर यांनी बायकांना दिलेला शब्द कुठं राहील?”

मी त्यावर फार विचार केला. फाइल एक, पानं दोन, अक्षरं सारखी, डिलीटचं बटणही तेच. पण दोन्ही पानं पुसण्याचा हक्क सारखा नाही. पहिलं पान त्यांचं होतं. कुणाचं येणं सोडून द्यायचं असेल तर ते घर ते सोडू शकत होतं. त्याला आपल्याकडे दान म्हणतात, मोठेपणा म्हणतात. दुसरं पान मात्र त्यांच्या संगणकात असूनही त्यांचं नव्हतं. ते त्या बायकांचं होतं, आणि पुसायचं तर त्यांनीच पुसायला हवं होतं. जगात मात्र नेमकं उलटं चालतं. येणं आपण जपून ठेवतो, त्याची नक्कल दोन-दोन ठिकाणी ठेवतो. देणं विसरायला होतं, आणि त्याला आपण नवी सुरुवात म्हणतो.

हे पैशापुरतं नाही. कुणाचा अपमान केला, कुणाचा हक्क डावलला, सुनेला वर्षानुवर्षं टोचून बोललो, भावाच्या वाट्याचं शेत दाबलं, ही सगळी देण्याच्या पानावरची नोंद. आपण म्हणतो, “झालं गेलं गंगेला मिळालं.” पण हे वाक्य बोलण्याचा अधिकार ज्याचं गेलं त्याचा आहे. ज्यानं नेलं त्यानं ते बोलू नये.

फॉरमॅटचं सत्यही यापेक्षा फार वेगळं नाही. साध्या, झटपट फॉरमॅटमध्ये जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवरचा मजकूर लगेच जात नाही. जाते ती फक्त अनुक्रमणिका. कुठलं पान कुठे आहे हे सांगणारी यादी कोरी होते आणि संगणक धरून चालतो की पानं रिकामी आहेत. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच पडून असतो, आणि जाणकार माणूस तो उकरून काढू शकतो. नव्या एसएसडी डिस्कची रीत निराळी, तिथे मोकळी झालेली जागा आतल्या आत लवकर साफ होऊ शकते. पण तिथेही पुसली जाते ती आपल्याकडची प्रत. आठशे रुपये ठेवून गेलेल्या बाईच्या मनातली प्रत कुठल्याच पेन ड्राइव्हनं पुसता येत नाही. कर्म बांधलं गेलं ते आपण विसरल्यानं झडत नाही, असं आम्हाला शिकवलं. संगणकानं मला त्याचा अर्थ जरा जास्त स्पष्ट केला, एवढंच.

मग माणसाला नवी सुरुवात नाहीच का? आहे. पर्युषणाच्या शेवटी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. बाहेरच्या लोकांना ते वर्षाकाठी सगळं कोरं करण्यासारखं वाटतं, आणि खरं सांगायचं तर आमच्यातही पुष्कळांना तसंच वाटतं. मोबाइलवर एक संदेश सगळ्यांना एकदम पाठवला की झालं. पण मूळ क्रम तसा नाही. आधी आलोचना, म्हणजे काय केलं ते नाव घेऊन सांगायचं. मग प्रतिक्रमण, म्हणजे त्यातून मागे फिरायचं. मग क्षमा मागायची, आणि ती मिळणं न मिळणं समोरच्यावर सोडायचं. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर आधी बॅकअप, नंतर फॉरमॅट. बॅकअप न घेता केलेलं फॉरमॅट म्हणजे नुसतं विस्मरण, आणि विस्मरणाचं पुण्य कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नाही.

त्या फाइलचं पुढे काय झालं ते सांगते. ती काढून घेतली, संगणकात रीतसर नवी विंडोज बसवली, आणि फाइल उघडली तर सगळं अगम्य. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची नुसती खिचडी. मुलगा क्षणभर सुटल्यासारखा दिसला. पण तसं काही नव्हतं. इकडे हिंदी टायपिंग पूर्वी कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये होत असे, अजूनही होतं. तो युनिकोडच्या आधीचा. त्यात संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीचीच असतात, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसेल तर मजकूर असून वाचता येत नाही. बॅकअप घेताना लोक कागदपत्रं घेतात, फोटो घेतात, फॉन्टचा फोल्डर सहसा कुणी घेत नाही. तो फॉन्ट मिळवून बसवला आणि नावं पुन्हा उभी राहिली. मला वाटतं, वाडवडिलांच्या पुष्कळ गोष्टींचं असंच होतं. नोंद राहते, पण ती कशी वाचायची हे सांगणारं माणूस जातं. मग आपण म्हणतो, यात काही अर्थ नाही.

वहिनींनी दुसरं पान छापून घेतलं. पुढच्या पाच-सहा महिन्यांत बहुतेक बायकांचे पैसे परत गेले. काहींना तर आपण ठेवले होते हे आठवतही नव्हतं. दोघींचा पत्ता अजून लागलेला नाही. कुणी सांगतं नागपूरकडे गेल्या कामाला, कुणी सांगतं नाही. त्यांचे पैसे एका पाकिटात वेगळे ठेवले आहेत. पहिल्या पानावरची काही येणी वहिनींनी स्वतःच्या हातानं खोडली. मुलगा यावर खूश नव्हता आणि आजही पूर्ण खूश नाही. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या धंद्याला त्या पैशांची गरज होती, आणि धर्म पाळताना कुणाच्या तरी खिशातून पैसे जातात, ही गोष्ट आपण प्रवचनात फारशी बोलत नाही.

तुमच्या घरीही एखादा जुना संगणक असेल, आज ना उद्या तो कोरा करायची वेळ येईल. तेव्हा पडद्यावर डिस्कचे कप्पे दिसतील आणि खाली बटणं असतील: डिलीट, फॉरमॅट, न्यू. यातलं पहिलं दाबण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. ज्यानं पुसतो आहे ते माझ्याकडे सरळ मार्गानं आलं आहे का? आणि जे पुसतो आहे त्यात दुसऱ्या कुणाचं काही आहे का? आपले फोटो, आपली पत्रं, आपली येणी यांचं हवं ते करावं. ठेवावी, सोडावी, ओझं वाटलं तर खुशाल पुसावी, अपरिग्रहाला ते धरूनच आहे. दुसऱ्याचं मात्र आधी बाजूला काढून ठेवावं, वाचता येईल अशा रूपात ठेवावं, आणि ज्याचं त्याला पोचवावं. नवी विंडोज त्यानंतरही तितकीच नवी असते.